निश वेबसाईट काढायची आहे, विषय कोणता घेऊ? (नागपूर, एकदम नवीन)

मानेवाडा_मेल

राम राम राजेहो. मी नागपूरचा, एका ऑफिसात अकाउंट्स पाहतो, पगार हाती पडला की दहा तारखेच्या आत वाटेला लागतो, त्यामुळे साईडनं काहीतरी सुरू करायचं खूप दिवसांपासून डोक्यात फिरून राहिलं. मागच्या महिन्यात सीताबर्डीला एका हॉलमध्ये रविवारचं वर्कशॉप केलं, निश वेबसाईट अन् पॅसिव्ह इन्कमचं. सरनी स्क्रीनवर डॉलरचे आकडे दाखवले, लोकं पटापट फोटो काढून राहिले, चहा-समोसा झाला, अन् शेवटी समजलं की खरं शिकायचं असंल तं पुढचा कोर्स घ्या, त्यात तयार साईट भेटते, शंभर आर्टिकल आधीच भरलेले, तुम्ही फक्त झोपा. मी पैसे भरले नाही अजून, म्हटलं आधी इथं विचारून पाहू.

मला जेवढं समजलं ते असं की एक बारीक विषय पकडायचा, त्याच्यावर साईट काढायची, गुगलवरून लोकं येतात अन् जाहिरातीचे नाहीतर अमेझॉनच्या लिंकचे पैसे भेटतात. बरोबर ना? आता विषय. डोक्यात तीन आहेत, मोबाईल रिव्ह्यू, आरोग्य टिप्स, नाहीतर सरकारी योजना (लाडकी बहीणवाल्या बातम्या किती चालतात पाहता ना तुम्ही). मराठीत लिहू की इंग्रजीत, माझं इंग्रजी ऑफिसच्या मेलपुरतं आहे. होस्टिंग (म्हणजे साईट ठेवायची जागा) महिन्याला शंभर-दीडशेत देऊन राहिले ते खरं असते का? अन् प्रमोशन म्हणजे नेमकं करायचं काय, सर तं म्हणे बॅकलिंक (दुसऱ्यांच्या साईटवरून आपल्या साईटवर येणाऱ्या लिंक) विकत घ्या.

कोडिंग येत नाही. वेळ म्हणजे रात्री जेवणं झाल्यावर, अन् रविवार, तोही अर्धाच, कारण रविवारी बाबांच्या दुकानावर बसावं लागते (नंदनवनला कूलर दुरुस्ती अन् मोटर वाइंडिंगचं दुकान आहे). आता दसरा झाला म्हणजे सीझन नाही, मार्चनंतर मात्र मान वर करायला वेळ नसते. जाणकारांनी जरा सांगून द्या.

त्रिमूर्तीनगर_काका

पैसे भरले नाहीत हे फार बरं केलंत. तयार शंभर आर्टिकलवाली साईट म्हणजे तेच शंभर आर्टिकल तुमच्याबरोबर हॉलमधल्या बाकी सगळ्यांनाही मिळणार, आणि गुगलला ते कळत नाही असं समजू नका. २०२४ च्या मार्चमध्ये गुगलने स्पॅमचे नियम बदलले तेव्हा यंत्राने म्हणा की माणसं बसवून म्हणा, घाऊक माल पाडून साईट भरणं हे सरळ नियमात टाकलं, त्या वेळी कित्येक साईट एका रात्रीत सर्चमधून गायब झाल्या. त्याआधी २०२२ च्या ऑगस्टपासून हेल्पफुल कंटेंट अपडेट, म्हणजे वाचकाच्या खरंच कामाचा मजकूर वर आणायचा बदल, सुरू होतंच. म्हणजे वर्कशॉपमध्ये जे शिकवतायत ते दहा वर्षांपूर्वी चालायचं, नाही असं नाही, पण आता त्यावर दुकान फक्त कोर्स विकणाऱ्यांचं चालतं.

तुमचे तीन विषय बघू. आरोग्य हात लावू नका. पैसा आणि जीव ज्यात आहे अशा विषयात गुगल लिहिणारा कोण आहे हे बघतं, डॉक्टर असून रँक होत नाही तिथे तुम्ही-आम्ही कुठे, आणि कुणी तुमची टिप वाचून गोळी बंद केली तर? सरकारी योजनांना ट्रॅफिक येतं हे खरं, पण जीआर निघाला की अर्ध्या तासात पन्नास साईट तेच छापतात, तुम्ही ऑफिसातून घरी येईपर्यंत बातमी शिळी, शिवाय त्या गर्दीत फॉर्म भरून देतो म्हणून आधार नंबर गोळा करणारे पण बसलेत, त्यांच्या रांगेत कशाला उभं राहायचं. मोबाईल रिव्ह्यूत तर कंपन्या ज्यांना फोन आधी पाठवतात त्यांच्याशी स्पर्धा, तुम्ही फोन विकत घेऊन रिव्ह्यू करणार का?

आणि मग सगळ्यात शेवटी कंसात लिहून टाकलंय, कूलर दुरुस्ती आणि वाइंडिंग! अहो नागपुरात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, घरोघरी कूलर, आणि तुमच्या घरात तो उघडून दुरुस्त करणारा माणूस बसलाय. गुगलने २०२२ च्या डिसेंबरमध्ये आपल्या गुणवत्तेच्या मार्गदर्शक नियमात अनुभव हा शब्द मुद्दाम घातला, म्हणजे लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः हाताळली आहे का. अमेझॉनवरचे स्पेसिफिकेशन उतरवून बेस्ट टेन कूलर लिहिणारे ढिगाने आहेत, पण पंप फिरतोय आणि पाणी वर चढत नाही तर आधी काय बघायचं, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल? तुमच्या बाबांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

एकच काम सांगतो. येत्या रविवारपासून काउंटरवर एक वही ठेवा आणि गिऱ्हाईक जे वाक्य बोलून आत येतं ते जसंच्या तसं लिहा. दुरुस्त करून नका लिहू, त्याच्याच भाषेत. लोक गुगलवर कोणते शब्द टाकतात ते सांगणारे महागडे कीवर्ड टूल जे विकतात ते हेच आहे, फक्त तुमच्याकडे फुकट आणि ताजं येतं.

बुटीबोरी_बावा

काका एकदम बरोबर बोलले. पण मराठीत नको बे भाऊ, हिंदीत लिही. नागपुरात अर्धे लोकं "कूलर से बदबू आ रही है" असंच शोधतात, वर रायपूर, जबलपूर, भोपाळ सगळा पट्टा भेटते, तिकडे पण कूलरच चालते. मराठीत कोकणात कोणाले कूलर पाह्यजे? मुंबईत तं दमटपणानं कूलर लावला की अजून घाम येते.

अन्नपूर्णा_धरमपेठ

माझी मराठी साईट आहे, उन्हाळी वाळवणाची, कुरडया, सांडगे, ज्वारीचे पापड असं सगळं, त्यामुळे मराठीत काही होत नाही हे ऐकलं की जरा राग येतो. होतं. पण खरं सांगायचं तर जाहिरातीचा भाव मराठीत कमी, तेवढीच माणसं इंग्रजी साईटवर आली तर पैसे जास्त. माझं वर्षाचं गणित असं आहे की फेब्रुवारी ते मे चांगले जातात, जून लागला की एकदम खाली, आणि दिवाळीला फराळाच्या दोन-चार पानांवर थोडी धुगधुगी. नोकरी सोडण्याइतके पैसे नाहीत, घरातली एखादी वस्तू न विचारता घेता येते एवढे आहेत आणि मला तेवढं पुरतं.

आता कामाचं. डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, घ्या ते डॉट इन नाहीतर डॉट कॉम, पहिल्या वर्षाचा भाव बघून नाचू नका, रिन्यूअलचा भाव बारीक अक्षरात असतो तो वाचा. होस्टिंगचं पण तेच, महिन्याला दीडशे म्हणतात तो भाव तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तर, आणि पुढच्या वेळी दुप्पट-तिप्पट. तुम्हाला अजून माहीतच नाही की चार महिन्यांनी तुम्ही लिहिणार आहात का, तर मग आधी ब्लॉगरवर करा, ते गुगलचंच, होस्टिंग फुकट, डोमेन तेवढं आपलं जोडा. जम बसला की वर्डप्रेसवर न्या, डोमेन आपलं असल्यामुळे पत्ता बदलत नाही.

मराठीत लिहिणार असाल तर दोन गोष्टी कुणी सांगत नाही. टायपिंग युनिकोडमध्येच, मोबाईलवर मराठी टाईप होते तसंच. आमच्याकडे एका ओळखीच्या डीटीपीवाल्याने लेख टाईप करून दिले ते जुन्या फॉन्टमध्ये, साईटवर टाकले तर सगळं कचरा, गुगललाही ते मराठी आहे हे कळत नाही. दुसरं म्हणजे पानाची लिंक इंग्रजी अक्षरांत ठेवा. देवनागरीत ठेवली की व्हॉट्सअॅपवर टाकताना तिचं टक्के आणि आकड्यांचं दोन वीत लांब शेपूट होतं, लोकांना वाटतं व्हायरस आहे, माझ्या सख्ख्या नणंदेने उघडली नव्हती.

अॅडसेन्सचं, म्हणजे गुगलच्या जाहिरातींच्या पैशांचं: खात्यात दहा डॉलर झाले की ते घरच्या पत्त्यावर पोस्टाने पिन पाठवतात, साधं पोस्ट, रजिस्टर नाही, त्यामुळे पत्त्यात घर नंबर, गल्ली, कशाच्या मागे, सगळं लिहा आणि पोस्टमन दादांना सांगून ठेवा. शंभर डॉलर पूर्ण झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत, ते झाले की पुढच्या महिन्यात एकवीस ते सव्वीस तारखेच्या दरम्यान पाठवतात. परदेशातून पैसे यायला बँकेचा स्विफ्ट कोड लागतो, तो प्रत्येक शाखेला नसतो, शाखेत विचारलं तर तिथल्या बाईंनी मला तीन टेबलं फिरवलं.

मानेवाडा_मेल

बाप्पा! एवढं कोणी लिहून देईल वाटलं नव्हतं. खरं सांगू तं कूलरचं डोक्यातच आलं नव्हतं, ते आपलं घरचं काम, त्याच्यावर कोण वाचंल असं वाटे. काल दुकानावर काकांनी सांगितलं तसं वही घेऊन बसलो. सीझन नाही तरी लोकं आले, कोणी टेबल फॅन घेऊन, कोणी मिक्सर, पण कूलरचे पण होते. एक काकू आल्या, पिशवीत ओला पंप, पिशवी टपटप गळून राहिली, म्हणे "मोटर आवाज करते पण पाणी फेकत नाही". बाबांनी पंप उलटा केला, खालची जाळी काढली, आत पांढरा थर, पाण्यातला क्षार, चाकू घेऊन खरवडला अन् पंखा बोटानं फिरवून पाहिला, फिरला. बादलीत टाकून चालू केला तं धार आली. दहा रुपये घेतले. काकू म्हणे मी तं नवीन घ्यायला निघाली होती.

वहीत आतापर्यंत असं आहे: मोटर आवाज करते पण पाणी फेकत नाही. कूलरचा वास येते. हात लावला की झिणझिणते. हवा येते पण थंड नाही. वुडवूल टाकू का हनीकोंब (दोन्ही कूलरचे पॅड, एक लाकडाच्या बारीक काड्यांचं, एक पोळ्यासारख्या जाळीचं). वरच्या माळ्यावर कोणता कूलर पुरंल. शेवटचं बाबांना विचारलं तं ते खोली पाहून अंदाजानंच सांगतात, त्याचं काही गणित आहे का कोणाले माहीत? अन् बुटीबोरी भाऊ म्हणते ते पण पटते, हिंदीत लिहू का मराठीत?

हिंगणा_रोड_इलेक्ट्रिकल

गणित आहे की, डिप्लोमाला होतो तेव्हापासून वापरतो. खोलीची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची फुटात, त्याला दोननं भाग, आला तो आकडा सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा फेकणारा कूलर पाहिजे. समजा १२ बाय १० ची खोली, उंची १०, म्हणजे १२०० घनफूट, अर्धे ६००. यामागे हिशेब एवढाच की दोन मिनिटांत खोलीतली सगळी हवा एकदा बदलली पाहिजे. वरचा माळा, स्लॅब तापणारा, पश्चिमेची भिंत असं असेल तर थोडा वरचा घ्यायचा. आता गंमत अशी की बऱ्याच कंपन्या डब्यावर सीएफएम लिहीत नाहीत, तासाला घनमीटर लिहितात, कारण तो आकडा मोठा दिसतो. १ सीएफएम म्हणजे अंदाजे १.७ घनमीटर तासाला, म्हणजे वरच्या खोलीला डब्यावर हजाराच्या आसपास लिहिलेलं पाहिजे. हे एक पान बनव, खोलीचं माप टाका अन् उत्तर घ्या असा छोटा कॅल्क्युलेटर. ब्लॉगरवर पण चालतो, कुठलंही एआय टूल तेवढा कोड लिहून देतं, ते वापरायला हरकत नाही, लेख पाडायला वापरू नको म्हणजे झालं.

अन् झिणझिणते वालं पान सगळ्यात आधी लिही, पैशाचं सोड. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, पोरं जातात. पत्र्याची बॉडी, खाली पाणी, अर्थिंग नाही, दोन पिनचा प्लग. पाणी भरायच्या आधी प्लग काढायचा, नुसतं बटन बंद करून नाही, तीन पिन अन् चालू अर्थिंग, घरात आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) असेल तर उत्तम, पोरांना ओल्या पायानं हात लावू द्यायचा नाही. बाबांचा फोटो टाक, दुकानातल्या खऱ्या जळलेल्या वायरचा फोटो टाक. हवा थंड नाही त्यात पण अर्धी भानगड खिडकीची असते, लोकं दारं-खिडक्या सगळी बंद करून कूलर लावतात, दमट हवेला बाहेर जायला जागाच नाही.

भाषेबद्दल: दोन्हीत लिही ना, पण एका पानावर खिचडी नको. मराठीत मजबूत वीस पानं आधी होऊ दे.

पुणेरी_पिंपळ

सगळे एवढे आनंदात आहेत म्हणून थोडं थंड पाणी टाकतो. "पंप पाणी फेकत नाही" असा प्रश्न आता किती जण वेबसाईटवर वाचतात? एक तर यूट्यूब बघतात, नाहीतर गुगल वरच्या वर एआय ओव्हरव्ह्यूमध्ये उत्तर देऊन टाकतं, भारतात ते २०२४ च्या ऑगस्टपासून इंग्रजी आणि हिंदीत आलं. तुमच्याच पानावरून उत्तर उचलणार आणि माणूस तुमच्याकडे येणारच नाही. माहितीच्या साईटवर जाहिरात लावून बसण्याचे दिवस चाललेत, याच्यावर कुणी बोलत नाही.

अमेझॉनवर पण फार भरवसा नको. भारतातल्या असोसिएट्स खात्याला, म्हणजे लिंकवरच्या विक्रीचं कमिशन देणाऱ्या खात्याला, १८० दिवसांत तीन विक्री लागतात नाहीतर खातं बंद, क्लिक केल्यापासून २४ तासांत घेतलं किंवा निदान कार्टमध्ये टाकलं तरच कमिशन, आणि दर त्यांच्या मर्जीवर. २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत त्यांनी फर्निचरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आणलं, नुसत्या त्याच्यावर घर चालवणारे लोक एका ईमेलमध्ये अर्ध्यावर आले. किमती पण स्वतः टाईप करून टाकता येत नाहीत, त्यांचे फोटो उचलून लावता येत नाहीत, नियम वाचा.

माझ्या मते इथे पैसा वेगळ्या ठिकाणी आहे. कूलरवाला माणूस साईटवर आला, त्याला कळलं की पॅड बदलायचेत, तो कुठला आहे? नागपूरचा असेल तर तुमच्याच दुकानाचा फोन नंबर पानावर असू द्या की! गुगलवर दुकानाचं बिझनेस प्रोफाईल काढा, फुकट आहे, बाबांच्या नावावर. एका घरी जाऊन पॅड बदलून, पंप धुऊन, मोटरला ग्रीस करून जे मिळतात ते जाहिरातीतून मिळवायला किती हजार लोक यावे लागतील याचा हिशेब तुम्ही अकाउंट्सवाले आहात, तुम्हीच करा.

त्रिमूर्तीनगर_काका

पिंपळराव बोलतात ते कडू आहे पण खोटं नाही. फक्त एक जोडतो, एआयला जे आधीच शंभर ठिकाणी लिहिलंय तेच सांगता येतं. नागपूरच्या बोअरच्या जड पाण्यात हनीकोंब पॅड किती सीझन टिकतं आणि वुडवूल दरवर्षी बदलणं कुणाला परवडतं, हे कुठे लिहिलेलंच नसेल तर ते कुठून उचलणार? तुम्ही लिहिल्यावर उचलेल, पण निदान पहिले तुम्ही. आणि नुसतं सांगू नका, दाखवा. एक नवीन पॅड आणि एक दोन उन्हाळे खाल्लेलं, पांढरं पडलेलं, शेजारी ठेवून फोटो. मोबाईलनेच दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाका, तो पानात लावा, दोन्हीकडून माणूस येतो.

वेळेचं मात्र नीट ऐका. लोक शोधायला लागतात होळीच्या आसपास, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, तर हातघाईवर येतात. मे महिन्यात लिहून मे महिन्यात वर येता येत नाही, नव्या साईटला गुगल महिनोन्महिने हुंगून बघतं. सर्च कन्सोल, म्हणजे आपली पानं गुगलमध्ये कशी दिसतात ते दाखवणारं गुगलचं साधन, पहिल्या दिवशी जोडा, फुकट आहे, त्यात पान सापडलं पण इंडेक्स केलं नाही (शोधयादीत घेतलं नाही) असं दिसेल, घाबरू नका, रोज उठून रिक्वेस्ट पाठवू नका. आता ऑक्टोबर आहे म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर आहात, संक्रांतीपर्यंत मुख्य पानं झाली पाहिजेत. आणि पावसाळ्यासाठी एक पान ठेवा, टाकीतलं साचलेलं पाणी, डेंग्यूचे डास त्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतात, महापालिकेची माणसं घरी येऊन कूलर बघतात ना, तेव्हा लोक हेच शोधतात की कूलर आवरून कसा ठेवायचा.

बॅकलिंकबद्दल कुणीच बोललं नाही. विकत घेऊ नका. नऊशे नव्याण्णवमध्ये पाचशे लिंक म्हणजे लग्नात भाड्याने आणलेले वऱ्हाडी, मांडव भरलेला दिसतो पण आहेर कोणी देत नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये गुगलचं पेंग्विन अपडेट आलं ते याच धंद्याला आळा घालायला, तेव्हापासून हे खेळ महागात पडतात. लिंक मिळवायची तर शाळेच्या, सोसायटीच्या, इलेक्ट्रिशियन लोकांच्या ग्रुपला तुमचं शॉकवालं पान पाठवा, एखाद्या स्थानिक पेपरच्या वार्ताहराला पाठवा, एप्रिलमध्ये त्यांना असा मजकूर लागतोच.

अन्नपूर्णा_धरमपेठ

व्हॉट्सअॅपबद्दल सांगते, रोज गुड मॉर्निंगबरोबर लिंक टाकली की लोक ग्रुपमधून काढतात. मी कधीच आधी लिंक टाकत नाही. कुणी विचारलं की ताई कुरडया लाल का होतात, तर तिथेच चार ओळींत उत्तर लिहायचं आणि खाली, फोटो इथे आहेत, एवढंच. कोरावर मराठीत पण तसंच करते. फेसबुकवर कॉलनीचे ग्रुप असतात ना, मनीषनगर, बेसा, तिथे मार्च लागला की कूलरवाला सुचवा म्हणून रोज पोस्ट असते, तिथे तुमच्या पॅडच्या फोटोचं पान चालेल.

आणि अमेझॉनची लिंक लावली की वरच लिहायचं की इथून घेतलंत तर मला कमिशन मिळतं. त्यांचाही नियम आहे आणि आपल्याकडे २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेच्या गाईडलाईन्स पण आहेत. लोक पळून जातील असं वाटतं, जात नाहीत.

सीए_पण_शांत

थोडक्यात. परदेशातून आलं म्हणून टॅक्समधून सुटत नाही, अॅडसेन्स असो की कमिशन, हे धंद्याचं उत्पन्न धरलं जाईल, म्हणजे पगारदारांचा आयटीआर-१ चालणार नाही, तुम्ही अकाउंट्सला आहात म्हणजे कळेलच. डोमेन, इंटरनेटचा भाग, हा खर्च म्हणून धरता येतो, पावत्या ठेवा. सेवांमधून वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणी लागत नाही, तिथपर्यंत पोचलात तर पेढे घेऊन या. नोकरीच्या करारात बाहेरचं काम चालतं का तेही एकदा बघून घ्या.

बुटीबोरी_बावा

बाबाले हिस्सा देशील ना बे पण? ज्ञान त्यांचं, फोटो त्यांचा, दुकान त्यांचं.

मानेवाडा_मेल

हाव ना भाऊ, त्यांनी आधीच विचारलं, "याच्यात माझा टक्का किती". आता ठरलं ते सांगतो. मराठीत सुरू करतो, ब्लॉगरवर, डोमेन डॉट इन घेतो, नावात ब्रँड-बिंड काही नाही, कूलर शब्द राहीन. शॉकवालं पान पहिलं, मग पंप, मग मापाचा कॅल्क्युलेटर. हिंदीचं जानेवारीनंतर पाहू. दुकानाचं गुगल प्रोफाईल काल बनवायला घेतलं, ते व्हिडिओ मागून राहिलं, दुकानाचा बोर्ड अन् आतलं सामान एकाच शॉटमध्ये दाखवा म्हणे, बोर्डावर धूळ इतकी की आधी तो पुसावा लागंल. वर्कशॉपवाल्या सरचा फोन आला होता, सीट एकच उरली म्हणे, मी म्हटलं दुसऱ्याला द्या.

हिंगणा भाऊ, एक शंका राहिली. कॅल्क्युलेटरमध्ये उंची जुन्या घरांची तेरा-चौदा फूट निघते, महाल-इतवारीकडे तं त्याहून जास्त, तेव्हा पण पूर्णच उंची धरायची का?

हिंगणा_रोड_इलेक्ट्रिकल

पूर्ण धर. कौलारू असेल तर मधली सरासरी धर, अन् पानावर तसं लिहून टाक की अंदाज आहे, बाबांना फोटो पाठवला तर ते पाहून सांगतील. खाली फोन नंबर.